अर्धा माटव

१

सुशीला आपल्याच घराच्या पायरीवर बसून बांगडे साफ करत होती आणि एक परकी बाई तिला विचारत होती, "तुम्ही अजून घर रिकामं कसं केलं नाहीत?"

मी पोहोचले तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, टेम्पो उभा होता. लोखंडी कपाट, गादी, गॅसची शेगडी, सगळं खाली उतरवून झालेलं. बाईच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी झोपली होती. टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबला होता.

"आनंदी, ही बाय माका माझ्याच घरातून भायर काढता गो!" सुशीला मला बघून ओरडली.

मी खारोळीची पोलीस पाटील. गावात काही बरंवाईट झालं की मालवणच्या पोलिसांना कळवायचं, हे माझं काम. मानधन वेळेवर येत नाही, मनस्ताप मात्र कधी चुकत नाही. २००९ सालच्या त्या फेब्रुवारीत मला या कामाला दहा वर्षं झाली होती आणि गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता.

बाईचं नाव वर्षाली. सांगलीकडची नर्स, बदली मालवणच्या दवाखान्यात. घरात ती आणि मुलगी, तिसरं कोणी नाही. इंटरनेटवर तिनं जाहिरात पाहिली होती. समुद्राजवळ तीन खोल्यांचं कौलारू घर, खळं, विहीर, भाडं अकराशे. मालकाशी ईमेलवर बोलणं झालं. अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं मिळून अठरा हजार तिनं बँकेत भरले. सांगलीकडची आधीची भाड्याची खोली ती कायमची सोडून आली होती.

"मालकाचं नाव काय सांगितलं?" मी विचारलं.

तिनं कागद पुढे केला. नाव मी दोनदा वाचलं. सुदेश. सुशीलाचा एकुलता एक मुलगा. मस्कतला नोकरीला.

सुशीलाच्या पुढ्यातली विळी कलंडली. "माझो झील असा करूचो नाय," ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी फौजदार आले. त्यांना मात्र सगळं सरळ दिसत होतं. "घर त्याचं, नाव त्याचं. आईला न विचारता भाड्यानं द्यायला निघाला असेल. येणार कधी तो?"

"रविवारी. साखरपुड्याला," मी म्हणाले.

"मग येऊ दे. पासपोर्ट ठेवून घेतो आणि बोलतो."

सुदेशला रजा होती वीस दिवसांची. पासपोर्ट अडकला की नोकरी गेली, आणि जीप दारात दिसली की सोयरीक गेली. हे सुशीलाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज मंगळवार होता.

२

त्या रात्री वर्षाली जायची कुठे? सुशीलानंच तिचं कपाट पडवीत घेतलं. "झोपूक जागा लागता तरी किती," म्हणाली. जिच्या मुलावर आळ, तिच्याच घरात फिर्यादी झोपली. वर्षालीनं दाराला आतून बाकडं लावून घेतलं, आणि सकाळी सुशीलानं तिच्या पोरीला पेज भरवली.

दुसऱ्या दिवशी वर्षाली ईमेल छापलेले सगळे कागद घेऊन माझ्याकडे आली. मला इंग्रजी जेमतेम. मी निकेतला हाक मारली. निकेत माझा मुलगा, वय तेवीस. कुडाळला कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. दोन वर्षांपूर्वी जहाजावरच्या नोकरीची अशीच एक इंटरनेटवरची जाहिरात पाहून त्यानं वीस हजार घालवले होते. तेव्हापासून पोर हसायचं विसरलं. पण ठेच लागलेल्यालाच दगड कळतो म्हणून मी त्याला बसवलं.

ओटीवर गावाच्या टपालाची टोपली होती, ती त्यानं बाजूला सारली. दिवसभर कामावर असणाऱ्यांचं टपाल आमचा पोस्टमन माझ्याकडेच टाकतो. ज्याला आठवेल तो येऊन घेऊन जातो.

निकेतनं कागद चाळले. "मॅडम, मालक परदेशात आहे, येऊ शकत नाही, हे वाचलं तिथंच थांबायचं होतं."

"परदेशात माणसं असतात की," वर्षाली म्हणाली.

"असतात. पण मग घर दाखवायला दुसरं कोणी असतं. भाऊ, शेजारी, कोणीतरी. इथे कोणीच नाही. तुम्ही मागितलंत तेव्हा काय मिळालं? घरपट्टीची पावती आणि ओळखपत्राची प्रत. ते काय, कोणीही बनवतं." त्यानं पान उलटलं. "आणि हे बघा, दुसरी पार्टी तयार आहे, दोन दिवसांत पैसे भरा. विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असतं हे."

"भाडं कमी होतं. मला वाटलं, गाव आहे, स्वस्त असेल."

"मालवणात दोन खोल्यांना पंचवीसशे आहेत. कोणी अकराशेला देतं का? पैसे कुठल्या नावावर भरलेत?"

"धोंडू म्हणून कोणी. मालकाचा माणूस, असं लिहिलं होतं."

"नाव वेगळं, खातं वेगळं. बघा." निकेत उठला. "शेजाऱ्याला एक फोन केला असता तरी कळलं असतं."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचा राग आला. खरं बोलला होता, पण मेलेल्या माशाची आणखी खवलं काय काढायची? वर्षालीचा हात धरून मी म्हटलं, "बाय, चूक तुझी नाय. चोरी केली ती त्यानं. आणि हो, तो धोंडू आमच्याच गावचा आहे."

३

धोंडूला शोधावं लागलं नाही, तो माझ्याच बागेत चुडतं विणत होता. नारळाच्या झावळ्यांची चुडतं विणावीत आणि खळ्यावर सावलीसाठी माटव घालावा तर धोंडूनंच. साठीचा, एकटा जीव, खाडीपलीकडे राहतो. खोटं बोलायला लागणारी अक्कल देवानं त्याला दिलेली नाही.

"वयनी, माका बँकेतला काय समाजता?" तो म्हणाला. "दत्तप्रसादान कागदार सही घेतल्यान. म्हणालो, रोजगार हमीचे पैसे हयच येतले. मी सही केलंय नी कामार गेलंय. ते पैसे पण इले नाय."

"नी कार्ड? मशीनमधून पैसे काढूचा?"

"कसला कार्ड?"

बँकेनं फौजदारांना कळवलं होतं, अठरा हजार कुडाळच्या मशीनमधून चार वेळा काढले होते. धोंडू कुडाळला शेवटचा गेला तो डोळे तपासायला, तीन वर्षांपूर्वी.

उरला दत्तप्रसाद. हा आमच्या गावचा दलाल. जमिनी विकतो, पर्यटकांना खोल्या देतो, आणि लोकांच्या घरांचे न विचारता फोटो काढतो. त्याच्याकडे तळहाताएवढी काच असलेला कॅमेरा आहे. गावानं त्याला आधीच चोर ठरवून टाकलं होतं. खरं सांगते, मलाही तोच चोर हवा होता.

"चाळीस जणांची खाती उघडून दिलंय मी," तो माझ्यावरच उखडला. "पुण्य केलंय, नी आता माकाच चोर म्हणतास?"

"कार्डां कोणाकडे इली?"

"ज्येच्या तेच्या पत्त्यार, टपालान. एका पाकिटात कार्ड, दुसऱ्या पाकिटात नंबर. बँकेत विचार." मग त्यानं वर्षालीनं छापून आणलेला जाहिरातीतला घराचा रंगीत फोटो माझ्या हातातून घेतला आणि नाक मुरडलं. "नी ह्यो फोटो माझो न्हय. ह्यो मोबाईलातलो. बघ, घर कसा वाकडा दिसता. माझो कॅमेरो असो फोटो काढूचो नाय."

चोर म्हटल्याचा त्याला एवढा राग नव्हता, जेवढा वाकड्या फोटोचा होता. असा माणूस खोटं बोलत असेल असं मला वाटेना. माझी मोठीच निराशा झाली.

या दत्तप्रसादाचा मला जुना ताप. डिसेंबरात आमची गावपळण झाली. रवळनाथाचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री तिथं झोपड्या बांधून राहतं. घरांना नुसती कडी, कुलूप नाही, राखण देवाची. त्या दिवसांत वेशीच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. तेव्हा माझ्या शेजारच्या झोपडीत हा आणि त्याचे गडी अहोरात्र पत्ते कुटत होते. त्यात आमच्या सासूबाईंचा दमा उसळला. दुसऱ्या दिवशी पंप ओढायला मिळाला तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. मला मात्र पत्त्यांच्या आरड्याओरड्यात तीन रात्री झोप नाही.

गुरुवार संपला. सुशीलानं सुदेशच्या साखरपुड्याचे लाडू वळायला घेतले होते आणि मध्येच हात थांबवून रस्त्याकडे बघत बसत होती.

४

शुक्रवारी सकाळी मी तो फोटो घेऊन सुशीलाच्या खळ्यात उभी राहिले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

फोटोत घर तेच, तुळस तीच. पण काहीतरी खटकत होतं. खळ्यात पाचोळा होता. सुशीला दिवसातून दोनदा खळं झाडते, ताप असला तरी. एकही कोंबडी नाही. चुलीचा धूर नाही. आणि माटव अर्धाच. उजवीकडे चुडतं घातलेली, डावीकडे नुसत्या काठ्या.

धोंडूला हाक मारून फोटो दाखवला. त्यानं तो दत्तप्रसादापेक्षाही बारकाईनं पाहिला.

"वयनी, अर्धो माटव टाकून मी कधी घरी जातंय काय? एकदाच तसो रवलो."

"कधी?"

"गावपळणीक. त्या दिवशी सकाळी कामाक बसलंय. दुपारी अर्धो झालो नी ढोल वाजलो, चला भायर म्हणान. चौथ्या दिवशी सांजेक गाव परत इलो, तेच सांजेक उरलेलो घातलंय. सुशीला वयनीक दुसऱ्या दिवशी पूजा घालूची होती."

मी पुन्हा फोटो पाहिला. सुशीलाचं घर पूर्वेकडे तोंड करून आहे. फोटोत ऊन उघड्या काठ्यांतून थेट उंबरठ्यावर पडलं होतं, म्हणजे वेळ सकाळची. गाव बाहेर पडलं त्या सकाळी तर माटव सुरूच व्हायचा होता. परतलो त्याच संध्याकाळी तो पुरा झाला. मग अर्धा माटव आणि सकाळचं ऊन, हे दोन्ही एकत्र कधी होते? फक्त त्या तीन सकाळी, जेव्हा खारोळीत चिटपाखरू नव्हतं.

"कोणीतरी गावपळणीत आत गेलो होतो," धोंडू कुजबुजला आणि त्यानं कानांना हात लावला.

५

सुदेश त्या वेळी मस्कतला होता. तो सुटला. पण फौजदारांना मी सांगणार काय? अर्ध्या माटवावर ते पासपोर्ट सोडणार नव्हते. "मग काढला कोणी ते सांगा," हेच म्हणाले असते.

बाहेरचं कोणी आलं असेल? गावपळणीत नाक्यावर आणि खाडीच्या उतारावर पोरांच्या पाळ्या लावल्या होत्या. लावणारी मीच. एक कुत्रंसुद्धा आत गेलं नव्हतं. दत्तप्रसाद तीन दिवस पत्त्यांतून उठला नव्हता, याला तर माझी झोपमोड साक्षीला होती.

शेतातून दुपारची घरी येत होते. बांधावर थांबले आणि तिथंच बसले.

पंप. सासूबाईंचा दम्याचा पंप घरी विसरला होता. म्हातारी पहाटेपासून तोंडानं श्वास घेत होती, ओठ काळे पडले होते. मी मागच्या बांधावरून, पाळीवरच्या पोरांच्या नजरेआडून, एका माणसाला गावात पाठवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. घरातून पंप आणायला वीस मिनिटं पुरे होती. तो दोन तासांनी परत आला.

मग दुसरी गोष्टही आपोआप उलगडली. धोंडूचं कार्ड टपालानं आलं. नंबरचं पाकीटही टपालानं. खाडीपलीकडच्या धोंडूचं टपाल पोस्टमन कुठे टाकतो?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा वर्षं मी लोकांची भांडणं सोडवत होते, आणि चार दिवस चोर माझ्या हातची कढी पीत होता. बांधावरून उठायला मला फार वेळ लागला.

६

निकेत क्लासहून आला तेव्हा मी ओटीवरच होते.

"आजयेचो पंप आणूक तुका दोन तास कित्याक लागले?" मी विचारलं.

त्यानं चपला काढल्या. "कधीची गोष्ट ही? सांगितलंय मा तेव्हा. भियालंय. रिकाम्या गावात पाय उचलत नव्हते."

"तुझ्या त्या भियापायी मी रवळनाथाक पाच नारळ ठेवलंय."

 मी फोटो खाली ठेवला, शेजारी टपालाची टोपली ठेवली. काही समजावून सांगावं लागलं नाही. माझा मुलगा हुशार आहे, तेच तर दुःख.

"त्या जहाजाच्या जाहिरातवाल्यान माका जसो फसवल्यान, तसाच लिवलंय," तो शेवटी म्हणाला. "एकेक ओळ तशीच. माझे वीस हजार गेले तेव्हा कोण धावान इलो? फौजदारान कागद फायलीत घातल्यान नी चाय पिल्यान."

"ता चेडू रडला तुझ्यासमोर. तुया तिका शाणपण शिकवलंस."

"तिका खरा ताच सांगितलंय."

"नी सुदेश? तुझ्यावांगडा शाळेत गेलेलो तो."

"तो खराच परदेशात आसा म्हणान तेचा नाव घातलंय. दोन दिवस बसवतले नी सोडतले तेका. पुरावो खंय आसा?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "नी आये, तू सांगशील तरी काय? मी गावपळणीत आत कसो गेलंय? तूच धाडलंस माका. गाव तुका देवळाची पायरी चढूक देवचो नाय."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी उठून त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. मला त्या रात्री त्याचा राग आला नाही, नुसता थकवा आला. 

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झाला गो?"

"काय नाय," मी म्हटलं. शनिवारचा दिवस मी तसाच घालवला.  दोनदा देवळापर्यंत गेले आणि परत आले.

७

रविवारी अकराला सुदेश रिक्षातून उतरला. खळ्यात पाहुणे होते, मुलीकडची माणसं होती, देवळाचे मुख्य मानकरी परशुरामभाऊ खुर्चीत होते. आणि फौजदारांची जीप फाटकाशी होती. सुदेशला वाटलं, साहेबही साखरपुड्याला आलेत. त्यानं हात जोडून नमस्कार केला.

फौजदार म्हणाले, "पासपोर्ट दाखव जरा."

सुशीला दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मागणं नव्हतं त्या नजरेत, आशाही नव्हती. सवयीनं पाहिलं, गेली तीस वर्षं काही झालं की माझ्याकडे बघते तसं. ते मला सहन झालं नाही.

"साहेब, तेका सोडा," मी म्हणाले. "चोर माझो झील आसा."

मग सगळं सांगितलं. माटव, ऊन, टपाल, पंप. शनिवारी निकेतच्या उशीखाली सापडलेलं धोंडूचं कार्ड फौजदारांच्या हातात दिलं. पाठवणारी मीच, हेही सांगितलं.

 पहिले बोलले परशुरामभाऊ. "तू? पोलीस पाटील? गावपळणीत माणूस आत धाडलंस?"

मग खळ्यात एकच गलका झाला. देवाचा कोप, गावाचा विटाळ, पुन्हा कौल लावायला हवा. अठरा हजारांचं नाव कोणी काढलं नाही. वर्षाली मुलीला घट्ट धरून भिंतीशी उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मला हसू आलं, मग भडभडून रडू आलं.

निकेतनं पळायचा प्रयत्न केला नाही. जीपमध्ये बसताना म्हणाला, "आये, वकील बघशील मा?"

"बघतलंय," मी म्हटलं. "आदी त्या चेडवाचे पैसे."

पोलीस पाटीलपद मी स्वतःच सोडलं. देवळाची पायरी मला पुढच्या गावपळणीपर्यंत बंद झाली. सुदेशचा साखरपुडा झाला. सुशीला रोज संध्याकाळी येऊन माझ्या ओटीवर बसायची. काजू विकून मी वर्षालीचे पैसे भरले आणि मनात म्हटलं, आता या बाईला तोंड दाखवायला नको.

पण तीच आली. मालवणात एक खोली बघायला जायचं होतं. "काकी, तुम्ही चला," म्हणाली.

"बाय, माका कित्याक? दुसरा कोण नाय?"

"मला इथलं कळत नाही. तुम्हाला कळतं."

बाजाराच्या मागच्या गल्लीतली खोली. घरमालकीण हौसाबाई भली दिसली. तिनं विचारलं, "तुमका हय ओळखणारा कोण आसा काय?"

वर्षालीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या आहेत."

हौसाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मगे झाला. तुमी सांगतास तर आजच पैसे देवा नी किल्ली घेवा."

"माझ्या शब्दार जाव नका," मी म्हटलं. "माझोच झील चोर, मी चोराची आवस. आदी खोली उघडा, नळाक पाणी येता काय दाखवा, घरपट्टी कोणाच्या नावार ता दाखवा. नी पैसे तुमच्या हातात, पावतीवांगडा. दुसऱ्याच्या खात्यात न्हय."

हौसाबाई मोठ्यानं हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टेखोर आहे. हसत हसतच ती किल्ल्या आणायला आत गेली.

वर्षाली हसली नाही. तिनं माझ्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, मुलीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "चला काकी, तोवर शेजाऱ्यांकडे चौकशी करून येऊ."